झुडपातलं पाडस

जीपवाल्या दाजींचा मेहुणा हरणाच्या पाडसाचा आवाज इतका हुबेहूब काढायचा, की एकदा तीन हरिणी पान्हा फुटून त्याच्या झुडपाभोवती जमल्या आणि बिचारा लाजून पाठ फिरवून बसला. खोटं वाटत असेल तर जाऊन हरिणींना विचारा.

कामाची रीत ठरलेली. पाहुणे रानात शिरायच्या आधी मेहुण्याने रस्त्यालगतच्या झुडपात दडायचं, भोवती काट्यांचं कुंपण ओढून घ्यायचं आणि जखमी पाडसासारखा टाहो फोडायचा. बिबट्या धावत यायचा, काट्यांशी थबकायचा, आत माणूस बघून तोंड वाकडं करून निघून जायचा. पाहुणे खूश. अर्थात हा गुन्हाच. उघडकीला आला असता तर दाजींची जीप रानातून कायमची बाद.

त्या दिवशी दातांचे डॉक्टर सपत्नीक आले होते. मागच्या खेपेला त्यांच्या प्रत्येक फोटोत काटेच काटे. म्हणून दाजींनी सकाळीच समोरचं कुंपण उपटून फेकलं.

"दाजी, उघड्यावर बसवताय मला."

"तुझ्यात खाण्यासारखं आहे काय? तुला बघून तोच दोन घास तुझ्यापुढे ठेवील! बस गुपचूप."

मेहुणा बसला. जीप आली, टाहो सुरू झाला, बिबट्याही आला. पण आज तो थबकला नाही. सरळ झुडपात घुसला.

झुडूप गदगदा हललं. आवाज फाटला.

"अहो, हे तर माणसासारखं ओरडतंय!" डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या.

"जिवावर बेतलं की पाडस असंच रडतं, बाई." दाजींची जीभ सवयीने बोलून गेली. हात मात्र हॉर्नकडे धावला.

डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं. "काय करताय? फाटकाशी तुम्हीच बजावलंत ना, निसर्गात आपण ढवळाढवळ करायची नाही म्हणून!"

तो माझा मेहुणा आहे. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दाजींनी ते ओठांपर्यंत आणलंही. पण मग जीप रानातून बाद, सगळं गेलं. गडी काटक आहे, सुटेल एवढ्यात. जरा थांबू, बघू. असं म्हणत म्हणत त्यांनी ते वाक्य गिळलं, आणि तेवढ्यात रान गप्प झालं.

बिबट्याने क्षणभर मान वर काढली. "सुळे बघ!" डॉक्टर फोटो काढत हरखून म्हणाले. "एकालाही कीड नाही!" मग उंच गवतातून काहीतरी जड ओढत जनावर ओढ्याकडे उतरलं. गवत दुभंगत गेलं, बाकी काही दिसलं नाही.

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बिचाऱ्याची आई कुठंतरी शोधत असेल हो त्याला."

"आई नाही त्याला," दाजी समोर बघत म्हणाले. "एक बहीण आहे. घरी असते."

डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "वा! एकेका जनावराची घरदारासकट माहिती! चला, आता मोर दाखवा."

दाजींनी जीप सुरू केली आणि मोर दाखवायला नेलं.