दौंडची तारीख

रूथबाई बाकाला धरून उठू लागल्या, तसा त्यांचा वकील इंद्रजीतने हात दाबून त्यांना खाली बसवलं.

"बाई, गप बसा," तो कुजबुजला. "न्यायाधीश तुमच्या ओळखीच्या आहेत हे समोरच्याला ठाऊक नाही, आपण कशाला सांगायचं? इथल्या दुसऱ्या कोर्टात सध्या न्यायाधीशच नाही. सांगितलंत तर केस थेट दौंडला जाईल. या गुडघ्यानं एसट्या बदलत जाणार आहात का?"

गुडघा ठणकतच होता. शेजारच्या हरिबाने भिंत घालून वाट अडवल्यापासून बाई स्वतःच्याच घरी अर्ध्या शिरूरला वळसा घालून जात होत्या. निकाल त्यांना हवाच होता. पण आजची काळजी निराळीच होती. समोर खुर्चीत बसलेली नवी न्यायाधीश, साधना, बाई नगरच्या मिशन शाळेत शिकवायच्या तेव्हा त्यांच्याच वर्गात शिकली होती. विसरली असेल तर एक वेळ ठीक. पण ओळखूनही पोरगी गप्प बसली तर?

बाईंची लेक कृपाही त्याच वर्गात होती. लेकीचे पेपर बाईंनी कधी स्वतः तपासले नाहीत. ते दुसऱ्या तुकडीच्या मास्तरांकडे जात. मास्तरांचा हात मोठा आखडता, त्यामुळे कृपा घरी येऊन फुगून बसे. पेपर मास्तरांकडे पोचवायचं काम वर्गाच्या मॉनिटरचं, आणि मॉनिटर होती साधना.

पुकारा झाला. इंद्रजीतचा हात झटकून बाई उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच वरून आवाज आला.

"वादी माझ्या शाळेतल्या शिक्षिका आहेत. हे प्रकरण मी चालवणार नाही. ते दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करावं, असं मी जिल्हा न्यायाधीशांना कळवते आहे."

हरिबाचा वकील गडबडीने उठला.

"आमची काही हरकत नाही, मॅडम."

"तुमची नसेल. माझी आहे."

एवढं बोलून साधनाने पुढचं प्रकरण घ्यायला सांगितलं. बाईंकडे पाहून ती साधं हसलीसुद्धा नाही. बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

बाहेर पायऱ्यांवर हरिबा त्यांची वाट बघत उभा होता.

"बाई, खरं सांगतो, तुमचीच पोरगी खुर्चीवर हाय म्हटल्यावर माझ्या काळजात चर्र झालं." तो जरा घुटमळला. "आता दौंडला एसटीनं कशाला हाल करून घेता? मी गाडी घिऊन जाणारच हाय. चला की माझ्यासंगं. भांडण काय ते कोर्टात."

बाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. मोह झाला, नाही असं नाही.

"नको, हरिबा. आपण दोघं एका गाडीतून कोर्टात उतरलेलं माझ्या पोरीला आवडायचं नाही."

"कृपाला? तिला कोण सांगायला जातंय?"

"कृपाला नाही हो," बाई म्हणाल्या. कोर्टाच्या दाराकडे एकदा बघून त्या हसल्या आणि ताठ मानेने घराकडचा तो लांबचा वळसा चालू लागल्या.