माझा हरवलेला सा

मित्रांनो, मी एक जुना अकॉर्डियन आहे. छातीशी धरून एका हाताने भाता ओढायचा आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबायच्या, तो मी. गोष्ट सांगतोय खरी, पण मान खाली घालूनच.

माझे धनी, म्हणजे आजोबा, केस कापायचे. लहर आली की गिऱ्हाइकाची दाढी अर्धी ठेवून मला उचलायचे, आणि ते गिऱ्हाईकही साबणाच्या तोंडाने "वा!" म्हणायचं. तेव्हा माझी छाती फुगायची.

मग दुकान बंद झालं. आजोबांनी मला कौतुकाने बैठकीच्या खिडकीत मांडलं. माझ्या पोटात हवेने सूर काढणाऱ्या धातूच्या बारीक पत्त्या मेणाने चिकटवलेल्या असतात. रोज दुपारी ऊन थेट अंगावर यायचं. एकदा मेण पाघळलं आणि वरच्या सा ची पत्ती गळून पडली. कुणाला पत्ताच नाही, कारण मला कुणी वाजवतच नव्हतं.

पुढे नातीसाठी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की चक्क माझा आवाज! मी जळून खाक झालो.

आजीच्या वाढदिवसाला घरातच मैफल ठरली. काकांनी ठेका धरायला पातेली उपडी घातली, आजोबांनी मला छातीशी घेतलं. आजीचं आवडतं गाणं रंगात आलं आणि वरच्या सा ला माझ्यातून नुसती हवा गेली. फुस्स! सगळे खो खो हसले.

"बोटं गेली गं माझी कामातून," आजोबा ओशाळून म्हणाले. "टाका याला माळ्यावर. आता नाही वाजवायचा."

खोट माझ्यात, आणि बोल त्यांनी स्वतःला लावला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नातीने पुढे येऊन ती पट्टी दाबून पाहिली. "आजोबा, तुमची बोटं ठीक आहेत. हाच इथे मुका झालाय. तुम्ही वाजवा, एवढा सूर मी देते."

तिने माझ्या आवाजाचं बटण दाबलं. सा आला की आजोबा बोट उचलायचे आणि कीबोर्ड तो सूर भरायचा. आजी डोळे मिटून ऐकत होती. ज्याच्यावर जळलो, त्यानेच माझी लाज राखली. आजही त्याच्याकडे बघायला माझी नजर वर होत नाही.

पुढे माझी पत्ती बसवून आणली. तरी त्या गाण्यात वरचा सा आला, की आजोबा बोट उचलतात आणि नातीकडे बघतात.

मित्रांनो, घरातलं जुनं वाद्य नुसतं मांडून ठेवू नका, अधूनमधून वाजवत जा. आमचा मुका सूर वेळेवर कळला, तर कुणा म्हाताऱ्याला आपल्या बोटांना दोष द्यावा लागणार नाही.