मूषकराजाचं औषधपाणी

सावरटोल्याच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीपुढे गिऱ्हाईक नव्हतं आणि शाळेमागच्या मांडवात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी दमेकरी सासरा आणला होता, कोणी मिरगी येणारं पोर. दसरू आपला हत्तीपाय पुढे पसरून पहिल्याच रांगेत बसला होता आणि तिघांची जागा एकट्यानं अडवल्याबद्दल शेजाऱ्यांचं बोलणं खात होता.

समोर गादीवर मूषकनाथ महाराज, बोटाबोटांत अंगठ्या. त्यांच्या मांडीवर लाल मखमलीची उशी, आणि उशीवर एक पांढरंशुभ्र, वीतभर जनावर. ससा म्हणावा तर कान एवढेसे, उंदीर म्हणावा तर शेपूट नाही.

"शेपूट कुठे गेली, विचारा!" महाराज गरजले.

"कुठी गेली?" मांडवानं विचारलं.

"तपश्चर्येत गळाली! बारा वर्षं हिमालयात, गणपतीबाप्पाच्या चरणाशी! हा उंदीर नाही, हा मूषकराज! तुम्ही उतारा काढता, कोंबडी ओवाळता. कोंबडी बिचारी जिवानिशी जाते आणि दुखणं जागच्या जागी! खरं की खोटं?"

"खरं!"

"माझा राजा मरत नाही. दुखणं पितो आणि लघवीवाटे टाकून देतो. डोळ्यांनी पाहा! बोलो मूषकराज की..."

"जय!"

मांडवाच्या मागच्या बांबूला टेकून डॉ. सरिता खोब्रागडे हे सगळं बघत होती. गावातल्या गुरांच्या दवाखान्याची ती डॉक्टर. ते जनावर गिनीपिग आहे, त्याचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं आहे आणि त्याच्या जातीत शेपूट कधी कोणाला नव्हतीच, हे तिला ठाऊक होतं. पण ती गप्प होती. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ती अशा ठिकाणी ताडकन उभी राहायची, भाषण करायची, शिव्या खायची. आग ओकणारा नारळ झाला, रक्ताळणारं लिंबू झालं, चपलेचा वास घेऊन रोग सांगणारा एक बाबाही झाला. एक गेला की दुसरा येतो. सतरंजी तीच आणि सतरंजीवरची माणसंही तीच. आता तिला राग येत नसे, नुसता थकवा येई. आजही ती आली नसती, पण तिची घरमालकीण कलाबाई आपल्या दिव्यानीला घेऊन त्या रांगेत उभी होती.

दिव्यानी नववीत होती. तिला सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, आणि मग गुडघे, कंबर, छाती असं काही ना काही ठणकत राहतं. गडचिरोलीच्या दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या रोज घ्यायच्या आणि पाणी भरपूर प्यायचं. त्या सुरू झाल्यापासून पोरीची शाळा बुडणं जवळजवळ थांबलं होतं. फक्त या गोळ्यांना शेवट नव्हता, आणि त्याचाच दोघींना वीट आला होता.

महाराजांनी मूषकराजाला उचललं आणि मंत्र पुटपुटत दिव्यानीच्या पाठीवरून, गुडघ्यांवरून फिरवलं. मग त्याला पांढऱ्या फडक्यावर धरलं. जनावर कुबड काढून बसलं, काचेवर खिळा ओढावा तसं किंचाळलं, आणि फडक्यावर लाल थेंब पडले.

"पाहा! पोरीचा रोग! ओरडत बाहेर पडला!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. कलाबाईनं पदर डोळ्यांना लावला. सरितानं मात्र दुसरंच पाहिलं. महाराजांचा अंगठा जनावराच्या पोटात रुतला होता, आणि त्याच्या मागच्या पायांमधले केस ओले, चिकट, पिवळट झाले होते. लोक ज्या किंकाळीला टाळ्या देत होते, ती दुखण्याची होती. तिला फार वाईट वाटलं.

घरी गेल्यावर तिनं कलाबाईला समजावलं. कलाबाईनं ऐकून घेतलं आणि गोळ्यांचा डबा फळीवर टाकून दिला.

"महाराजानं सांगतलं हाय, गोळी घेतली तं दुखणं वापस येते. अन् बाई, राग नका मानू, तुमी ढोराच्या डॉक्टर. माणसाचं तुमाले काय समजते?"

"अगं, तिला त्रास होईल."

"दर महिन्याले गडचिरोलीची एसटी मी पकडतो, रोजी मी पाडतो. आता सुटली माही पोट्टी, तं सुटू द्या नं!"

ज्या माणसाला सुटका हवी असते, त्याला सुटका विकणं फार सोपं असतं.

काही दिवसांनी भर दुपारी, दवाखान्यात चिटपाखरू नसताना, शर्ट-पॅन्टमधला एक माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून आत आला. हातात टोपली. बोटांतल्या अंगठ्यांवरून सरितानं त्याला ओळखलं.

"मॅडम, हे खातच नाई हो. नुसतं बसून राह्यलं एका जागी."

"महाराज, तुम्ही मांडवभर लोकांचे रोग काढता. याचाही काढा की."

"मजाक नका करू नं, मॅडम. कुलदीप नाव हाय माझं. घुग्घुसले मासे-पोपटाचं दुकान होतं, बसलं. हे एकच उरलं होतं. लाल मुतायले लागलं तं लोक पाहाले जमू लागले... मग हे सुरू झालं."

सरितानं जनावराला हातात घेतलं. अंग तापलेलं, पोटाला हात लावताच किंकाळी.

"पहिली गोष्ट, हा राजा नाही, राणी आहे. दुसरी, हिच्या लघवीच्या पिशवीत जंतू झालेत. म्हणून रक्त जातं, आणि म्हणून थेंब टाकतानाही ओरडते. पाणी किती देता?"

"पाणी... बेतानंच. मखमल खराब होते नं."

"आणि खायला?"

"पेढे. लोक आणते."

सरितानं डोळे मिटून घेतले. गवतावर जगणारं जनावर, त्याला पेढे. पाणी नाही, आणि दिवसभर त्याच ओल्या मखमलीवर बसवलेलं. जंतूंना आणखी काय हवं!

"वाचीन ना, मॅडम?"

"वाचेल."

कुलदीप जरा घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक विनंती होती. खायले लागू द्या हिले. पण... लाल राहू द्या."

विम्यासाठी मेलेल्या बैलाला जिवंत असल्याचा दाखला मागणारे लोक तिनं पाहिले होते. पण अर्धंच बरं करा, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिला हसूही आलं नाही.

"टोपली इथं ठेवा आणि जा," ती म्हणाली. "औषध पूर्ण झाल्याशिवाय मिळणार नाही."

गिनीपिगचा इलाज तिनं कॉलेजात वाचला होता, केला कधी नव्हता. तिनं नागपूरच्या मैत्रिणीला फोन लावला. "पेनिसिलीनच्या वाटेला जाऊ नकोस," मैत्रीण म्हणाली. "आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जनावर हातचं जातं. दुसरं प्रतिजैविक देते लिहून, वजनावर मोजून. आणि खडा नाही ना, ते बघ." सरितानं टोपली मांडीवर घेऊन चंद्रपूर गाठलं आणि एक्स-रे काढला. खडा नव्हता, हे नशीब.

दवाखान्याच्या पडवीत कुत्री फिरत, म्हणून तिनं जनावर घरी आणलं. कलाबाईनं दारातच हात जोडले.

"मूषकराज माह्या घरी!"

"राज नाही, आजारी आहे. महाराजांनीच उपचाराला आणून दिलं."

"महाराज कायले आणतीन दवाखान्यात? परीक्षा पाहून राह्यले असतीन तुमची," कलाबाई म्हणाली आणि कामाला लागली. श्रद्धा असली की प्रत्येक कुलपाला किल्ली सापडते.

सेवा मात्र दिव्यानीनं केली. मखमल चुलीत गेली. पोरीनं खोक्यात रोज कोरडं गवत घातलं, पाण्याची वाटी भरून ठेवली, पेरूच्या फोडी दिल्या. या जनावराच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं, हे सरितानं तिला सांगितलं होतं. सुईविना सिरिंजनं सकाळ-संध्याकाळ औषध पाजायचं कामही तिचंच. राणी सुरुवातीला तोंड फिरवी. दिव्यानी तिची समजूत घाली, "पी नं व माय, कडू हाय पण बरं वाटीन." आधी राणी खायला लागली. मग किंचाळणं थांबलं. गवतावरचे लाल डाग गुलाबी झाले, फिके झाले, आणि एक दिवस दिसेनासेच झाले.

"ताई, बरी झाली!" दिव्यानी नाचत आली. "आता औषध बंद नं?"

"डाग गेले म्हणून जंतू गेले असं नसतं. ठरलंय तितकं पूर्ण करायचं. मधेच सोडलं तर उलटतं."

दिव्यानी फळीवरच्या डब्याकडे बघू लागली. तिचे गुडघे पुन्हा ठणकू लागले होते. आईला तिनं ते सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

"हिले औषध चालते, तं मले काऊन नाई?"

कलाबाई हबकली. पण गोळी देण्याचा धीर तिला होईना. "उद्या बजार हाय. महाराजाले एकदा विचारू. मंग पाहू," ती म्हणाली. सरितानं त्या दिवशी वाद घातला नाही. पोरीला भरपूर पाणी पाजलं आणि म्हणाली, "मीही येते. राणीला घेऊन." महाराजांनाही तिनं तसा निरोप धाडला.

इतके दिवस 'मूषकराज मौनात आहेत' म्हणून दरबार बंद होता, त्यामुळे मांडव दुप्पट भरला होता. टोपली बघताच मूषकनाथांचा चेहरा उजळला.

"महाराज, या पोरीचे गुडघे दुखतात," सरिता म्हणाली. "पुन्हा एकदा काढा."

महाराजांनी मंत्र म्हटला, जनावर फिरवलं, फडक्यावर धरलं, अंगठा दाबला. किंकाळी आली नाही. राणीनं त्यांच्या बाहीचा काठ कुरतडला आणि निवांतपणे फडकं भिजवलं. सकाळपासून काकडी आणि पाणी पोटभर झालेलं. डाग फिकट, गढूळ पिवळा. लाल थेंब औषधालाही नाही.

महाराज क्षणभर चाचरले, पण गडी दुकानदार होता.

"पाहा! लाल नाही! म्हणजे रोगच उरला नाही! पोरगी मुळापासून बरी झाली! बोलो मूषकराज की..."

"जय!" मांडव गरजला. कलाबाई रडत पाया पडायला वाकली.

सरिता बांबूला टेकली. लाल पडलं तर चमत्कार आणि नाही पडलं तरी चमत्कार. सरळ घरी जाऊन झोपावं, असं तिला वाटलं.

"पण माहे गुडघे तं दुखूनच राह्यले," दिव्यानी म्हणाली.

"तो भ्रम आहे, बेटा."

"भ्रम असता तं रातभर झोप लागली असती नं!"

पोरीचा तो पडलेला चेहरा बघून सरिता बांबू सोडून पुढे आली.

"दसरूभाऊ, या बरं. महाराज, आता यांचा काढा."

दसरू आशेनं लंगडत आला. महाराजांना नाही म्हणता येईना. फिरवलं, दाबलं. पुन्हा किंकाळी नाही. पुन्हा तोच पिवळट ओला डाग.

"लाल नाही, म्हणजे काय, महाराज?" सरितानं विचारलं.

महाराज फडकं उलटसुलट करू लागले. मागून कोणीतरी भाबडेपणानं उत्तर दिलं, "म्हंजे रोगच नाई उरला!"

सगळा मांडव दसरूच्या पायाकडे बघू लागला. पाय होता तसाच होता, खांबासारखा. दसरूनं धोतर वर करून स्वतः नीट निरखलं, बोटानं दाबून पाहिलं.

"महाराज," तो म्हणाला, "हे तं इथीच हाय."

आधी एक बाई फिसकन हसली. मग तिच्या शेजारची, आणि बघता बघता सगळा मांडव.

हसू ओसरल्यावर सरिता बोलली. आवाज चढवायचं बळ तिच्यात नव्हतं, म्हणून लोकांनाच पुढे सरकावं लागलं.

"मी ढोरांची डॉक्टर आहे, म्हणून ढोराबद्दलच सांगते. या जनावराच्या लघवीच्या पिशवीत जंतू होते. ते लाल रक्त तुमच्या रोगाचं नव्हतं, हिच्या रोगाचं होतं. महाराज अंगठ्यानं पोट दाबायचे, म्हणून थेंब पडायचे. थेंब टाकताना जळायचं, म्हणून ती ओरडायची. तुम्ही टाळ्या वाजवायच्या. हिला पाणी, गवत आणि औषध दिलं आणि ही बरी झाली. उपचाराला कोणी आणली, विचारा त्यांना."

मूषकनाथ फडक्याची घडी घालत राहिले.

"माझं म्हणणं एवढंच," ती म्हणाली. "कोणी म्हणालं की रोग निघाला, तर फडक्याकडे बघू नका. आपल्या अंगाकडे बघा. गुडघा दुखतो का, सूज उतरली का, हे ज्याचं त्याला कळतं. त्याला महाराज लागत नाही. आणि औषध चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका."

महाराज मागच्या कनातीतून निसटले. सरितानं पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी ती घेतली आणि घुग्घुसच्या ठाण्यात निरोप धाडला. पुढे काय व्हायचं ते होईल, तिला फारशी आशा नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं कलाबाई पोरीला घेऊन गडचिरोलीला गेली, तिथल्या डॉक्टरांची बोलणी खाल्ली, आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. संध्याकाळी तिनंच गोळी आणि तांब्याभर पाणी पोरीपुढे ठेवलं. मग सरितापुढे चहाचा कप केला.

चहा अर्धा झाला नसेल, तोच फाटक वाजलं. वरच्या टोल्यावरची अंजनाबाई आपल्या सुनेचा हात धरून उभी होती.

"डॉक्टरीणबाई, त्या महाराजाच्या हातात गुण नव्हता, हे पटलं मले. पण जनावर तं आता तुमच्या हाताखालचं हाय. माह्या सुनेले दिवस राहून नाई राह्यले. एकदा पोटावरून फिरवून द्या नं."

सरितानं कप खाली ठेवला. एवढ्या वर्षांचा सगळा शीण एकाच वेळी खांद्यांवर येऊन बसल्यासारखं वाटलं.

दिव्यानीनं तोंडातली गोळी पाण्याबरोबर गिळली, मनगटानं ओठ पुसले आणि खोक्यातल्या राणीला पेरूची फोड देत म्हणाली,

"काकू, हे गवत खाते अन् मुतते. दुसरं काई येत नाई हिले. वहिनीले दवाखान्यात न्या. अन् संगं दादालेही न्या, तपासाचं दोघायले असते."