सारवलेली पाणंद

या, असं पुढं सरकून बसा. टाळ खाली ठेवा, पान खायचं ते खा, पण कान माझ्याकडं असू द्या. मुळशीतल्या एका पाणंदीची गोष्ट सांगतो. आणि त्या पाणंदीवर एक सकाळ जीव मुठीत धरून उभ्या राहिलेल्या गोजराबाईची.

पाणंद जायची तिच्या नवऱ्याच्या, गेणबाच्या शेतातून. डोंगरातल्या वाडीची सगळी ये-जा तिच्यावरून, पण कागदावर ती गेणबाची खाजगी वाट. पावसाळ्यात नुसता राबडा. एका पंचमीला गोजराबाईची लेक कमळ नेऱ्याहून माहेरी येत होती, तिची गाडी तिथंच उलटली. सासऱ्यानं निरोप धाडला, "गाडीरस्ता झाल्याबिगर सुनेला धाडनार न्हाई." त्यानंतरच्या पंचम्या कोरड्याच गेल्या. आई लेकीच्या दारात जाऊन उभी राहील हो, पण डोक्याला तेल घालून घ्यायला लेक माहेरीच यावी लागते.

अशात सरकारची योजना आली. निम्मा खर्च सरकारचा, निम्म्याचं गावानं श्रमदान करायचं. मात्र वाट सगळ्यांना कायमची खुली, असं मालकानं लिहून द्यायचं. गेणबा पुष्कळ दिवस बांधावर बसून राहिला, मग उठून अंगठा देऊन आला. आता ओव्हरसियर साहेबांनी वाट डोळ्यांनी बघायची, की मंजुरी.

साहेब येणार म्हणजे पाहुणाच की! पाहुण्याला खड्डे दाखवायचे होय? गोजराबाईनं शेजारच्या साळूबाईला आणि चार बायांना हाताशी धरलं. खड्ड्यांत भाताचा पेंढा कोंबला, वर माती चोपली, सगळं शेणानं सारवलं, ओढ्यापासून बांधापर्यंत रांगोळी घातली. विठोबाच्या देवळातही असं सारवण कधी झालं नव्हतं.

साहेब आले आणि कडेलाच थबकले. "बूट काढू का?" म्हणाले. मग हसून त्यांनी पेनाला टोपण लावलं. "इतकी छान वाट, मग अनुदान कशाला? तालुक्यात याहून वाईट पुष्कळ आहेत."

गोजराबाईनं गेणबाला कोपरानं ढोसलं.

"सायेब, ह्ये वरवरचं हाय," गेणबा म्हणाला. "खाली खड्डं हायेत. आमच्या हिनं बुजवल्यात."

"खड्डे लपवायचे कशाला?"

"लपवलं न्हाई वो, तुमी येनार म्हून..." गोजराबाई सांगू लागली.

साळूबाई पुटपुटली, "म्या म्हनलं हुतं, रांगोळी नगं."

"आन् रंग कुनी आनला गं, बये?"

साहेबांना पुढं कासारसाईला जायचं होतं. "मी दिसलं तेच लिहिणार," ते म्हणाले आणि वळले.

"आवो, खताची गाडी आना!" गोजराबाई ओरडलीच. "भरल्या गाडीनं बगू द्या त्येंना!"

शेणखतानं भरलेली गाडी गोठ्यापाशी उभी होती. गेणबानं बैल जुंपले खरे, पण पाणंदीच्या तोंडाशी त्यानं कासरा आवळून धरला. भरल्या गाडीखाली बैलाचा पाय मोडला तर? तेवढ्यात वाडीतला बुधा पुढं आला आणि त्यानं जुवातून बैल सोडले.

"दादा, मुक्या जनावराला फशीवता व्हय? आपुनच वढू."

जुवाखाली एकीकडं गेणबानं, एकीकडं बुधानं खांदा दिला. मागून वाडीतले गडी रेटू लागले. गोजराबाईनं डोळे मिटले. पांडुरंगा, चाक रुतू दे रे!

पहिल्या खड्ड्यावरून चाक सरळ निघून गेलं. पेंढा दाबून बसला होता.

"येवढं घट्ट कुनी चोपलं गं?" साळूबाई रडकुंडीला आली.

"आपुनच की!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. गाडी पुढं सरकली. रुतू दे रे, देवा, रुतू दे. आणि ओढ्यालगत चाक धाडकन खाली गेलं, गाडी पुढं कलली, जू खांद्यांवरून निसटलं ते बुधाच्या पावलावर आदळलं.

बुधा पाऊल धरून मटकन खाली बसला. गोजराबाई धावत त्याच्यापाशी गेली. देवाकडं मागताना जुवाखाली खांदे कुणाचे, ते तिनं पाहिलंच नव्हतं.

बुधाला घोंगडीच्या झोळीत घालून नेला. एक टोक साहेबांनी धरलं. जाताना दोनदा त्यांचा पाय सारवणातून खालच्या खड्ड्यात गेला. मंजुरीचा कागद पावसाच्या आधी आला.

पुढच्या पंचमीला कमळ गाडीत बसून माहेरी आली. गोजराबाईनं तिच्या डोक्याला तेल घातलं, पण तिचा डोळा सारखा वाटेकडं. खडी टाकलेल्या त्या वाटेनं बुधा टाचेवर भार देत चालला होता. त्याची बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत.

वाट दिली गेणबानं, पैका दिला सरकारनं, तसं कागदावर लिहिलेलं आहे. बुधाचं कुठं लिहिलेलं नाही. तुम्ही कधी त्या पाणंदीनं गाडीतून गेलात, तर ओढा ओलांडल्यावर क्षणभर त्याचं नाव घ्या. एवढं माझं मागणं.