चिंचोक्यांची किल्ली

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. मला ना बटणं, ना रंगीत चित्रं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करून कोणी हुकूम सोडला, तरच मी डोळे उघडतो. एरवी मी झोपलेला असतो, आणि झोपेत मला चिंचोके वाजताना ऐकू येतात.

माझा जन्म पोखर्णीचा. भक्तीने मला आपल्या लॅपटॉपवर लिहिलं, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीचं, वैष्णवीचं लग्न ठरलं होतं. निरोप झाकणं, म्हणजे तिसऱ्याला वाचता येऊ नये असा त्याच्या अक्षरांचा गोंधळ करणं, हे माझं काम. झाकायला आणि पुन्हा उघडायला एकच किल्ली लागते, कोणाला ओळखता येणार नाही अशी, नुसत्या नशिबाने पडलेली. म्हणून दोघी फोडलेले चिंचोके ओसरीवर उधळायच्या आणि काळी बाजू पडली की पांढरी, ते मला सांगायच्या.

"लगीन तोंडावर आलंय अन् ह्या घोड्या चिंचोके खेळायल्यात!" आई बायनाबाई करवादायच्या.

किल्लीच्या दोन प्रती झाल्या. एक भक्तीपाशी राहिली. दुसरी माझ्यासकट वैष्णवीबरोबर जिंतूरला, तिच्या नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर गेली. माझा नियम मात्र कडक. एका अक्षराला किल्लीचा एक तुकडा, आणि वापरलेला तुकडा मी तिथल्या तिथे पुसून टाकतो. तोच पुन्हा वापरला तर झाकलेलं उघडं पडतं.

मी झाकलेले निरोप दोघी फोनवरून एकमेकींना पाठवायच्या. नवरा महारुद्र बायकोचा फोन रोज उघडून बघायचा. माझ्या अक्षरांचा गोंधळ पाहून विचारायचा, "हे काय येडंवाकडं?"

"भक्तीच्या कॉलेजचं हाय," ती सांगायची.

त्या गोंधळात असायचं तरी काय? आज अंबाडीची भाजी केली. दुकानामागे मांजर व्यालंय. तुझी लय याद येते. मला फार आवडायचे ते निरोप. अर्धवट झोपेत मी ती पिल्लं पाहत राहायचो. किल्ली सरत चालली होती, पण ते दोघींच्या ध्यानात आलं नाही.

मग महारुद्रने वैष्णवीचं माहेरी जाणं बंद केलं. हातही उगारू लागला. नवी किल्ली करायची तर दोघींनी एकत्र बसायला हवं, आणि जुनी आता एकाच अक्षरापुरती उरली होती. पुसलेले तुकडे तिला परत द्यावेत असं मला फार वाटलं. पण आणणार कुठून? शेवटी वैष्णवीने एक अक्षर टाइप केलं.

"ने"

त्याच दुपारी भक्ती आणि बायनाबाई जिंतूरच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुमाला कुणी बोलावलं?" महारुद्र गुरकावला.

"माझी लेक न्यायला मला बोलावणं लागत न्हाई," बायनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी लेकीचा हात धरला.

त्या गेल्यावर तो कॉम्प्युटरवर बसला. वैष्णवी काय टाइप करते ते त्याने पाहून ठेवलं होतं. तिच्या मागे राहिलेल्या फोनमधला तो निरोप माझ्यापुढे टाकून त्याने मला उघडायचा हुकूम सोडला. मी एवढंच लिहिलं, "किल्ली शिल्लक नाही." इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

आता दोघी बहिणी ओसरीवर बसून मोठ्याने बोलतात, हसतात. मला कोणी उठवत नाही. मला विसरलात तरी चालेल, मित्रांनो. पण आपल्या माणसाशी रोज बोलत जा, भाजीबद्दल का असेना. आणि एखाद्या दिवशी त्याच्याकडून एकच अक्षर आलं, तर कारण विचारत बसू नका. निघा.