पहिला कप रामलालचा

"बिमारी नाही, बाधा नाही, नवरा मेला त्याले जमाना झाला. मंग हे येते कायले आपल्यात?"

मंदाबाई हे पुष्पाबाईच्या कानात बोलली, पण तिचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं. पडद्यामागं चुलीपाशी बसलेल्या जमुनाला सगळं ऐकू आलं. तिनं चहात साखर टाकली आणि मुद्दाम जोरजोरात ढवळली.

मंदाबाईचं खोटं नव्हतं. सालेकशाच्या पुढं, भोजराज पास्टरांच्या ओसरीत भरणाऱ्या त्या मंडळीत जो तो काही ना काही घेऊन आला होता. कोणी पोटातली गाठ, कोणी सासूनं केलेली करणी. रविवारी उठून साक्ष द्यायची: असा होतो, असा झालो. सगळ्यांत मोठी साक्ष मंदाबाईच्या नवऱ्याची, रामलालची. मोहाच्या दारूत बुडालेला माणूस प्रभूनं वर काढला, हे ऐकायला आमगावहून लोक येत.

जमुनापाशी साक्षच नव्हती. भाऊ झामसिंगच्या घरी ती दोन्ही वेळचा भात शिजवी, पण ती घरात नाही हे भात नसला तरच कळे. इथं एक रविवार चुकला तर पास्टर सायकल काढून आले. "जमुनाबाई, तब्येत ठीक ना?" तेवढ्यावर ती इथली झाली. सतरंजी तिची, चहा तिचा.

आणि संशयही तिच्यावरच. पुष्पाबाईच्या रिंकीला फिट येते, हे फक्त प्रार्थनेसाठी, दार लावून सांगितलेलं. थोड्याच दिवसांत कोणीतरी पाहुण्यांना मोबाईल लावला आणि रिंकीची सोयरिक मोडली. झामसिंग मंडळीला पाण्यात पाहणारा, आणि त्याची बहीण चहाच्या निमित्तानं पडद्याआड. आणखी काय पाहिजे? वर ती पहिला कप रामलालला देई, तोही वेगळ्या भांड्यातला. ही त्यात काहीतरी टाकते, असं सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं.

टाकत होतीच ती. लवंगा. चपला काढायला रामलाल दारात वाकला, की मोहाचा वास आधी तिच्याकडं येई. तो वास ओसरीत पोचायच्या आत लवंगेचा पोचावा, एवढंच. दारूच्या भट्टीवर बसल्यावर याची जीभ कुठवर जात असेल, हा संशय तिला होता. पण बोलणार कसं? याची साक्ष खोटी पडली तर बाकीच्यांनी कशाला धरून उभं राहायचं? तसा वास काही तिला एकटीलाच येत नसणार.

त्या रविवारी गावच्या तळ्यात तिचा बाप्तिस्मा होता. झामसिंगनं सकाळीच सुनावलं होतं, "बोडीत डुबकी मारली तं या घरी पाय ठेवू नोको." ती कोरडं लुगडं पिशवीत घालून निघून आली होती.

"कोणाची काही हरकत?" पास्टरांनी रिवाजाप्रमाणं विचारलं.

सगळे सतरंजीच्या रेघा पाहू लागले. मग पुष्पाबाई उठली.

"जमुनाबाई, रामलालभाऊले अलग चहा काऊन?"

"असाच."

"असाच म्हंजे? काय टाकतेस त्याच्यात?"

जमुनानं रामलालकडं पाहिलं. तो कपात पाहत होता. एक शब्द, की ती मोकळी. शेजारी मंदाबाई पदरानं सारखी मान पुसत होती.

"लवंग टाकते," जमुना म्हणाली. "सर्दी राहते त्याले."

"फक्त रविवारी?" मागून कोणी तरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले.

पुष्पाबाई हसली नाही. "माह्या पोरीची सोयरिक मोडली. बोलाले कोणी तयार नाही, पण समजते सारं."

पास्टरांनी बायबल मिटलं. "जमुनाबाई, आज राहू द्या. पुढं बघू."

जमुनानं पिशवी उचलली. भावाचं घर सकाळी संपलं होतं, हे आता. कुठं जायचं ते काही सुचेना, तेव्हा ती खाली वाकून उष्टे कप गोळा करू लागली. रामलालनं आपला कप तिच्या हातात दिला.

"हे विसळून ठेवते आन् जाते," ती म्हणाली.

मंदाबाई ताडकन उठली. तिनं जमुनाच्या हातातले कप ओढून घेतले. एक खाली पडून फुटला.

"कुठं जातेस वं? बस खाली!" मग ती मंडळीकडं वळली, आणि नवऱ्याकडं न पाहता म्हणाली, "हा अजून पेते. रिंकीचं यानंच भट्टीवर बकलं. मले ठाऊक होतं, आन् तुमाले साऱ्यांलेबी वास येत होता."