वाढत्या पायाचे बूट

डोंगरात सायकल चालवतात, हे स्वरूपने मला सांगितलं तेव्हा मी त्याला फोनवरच झाडलं. म्हटलं, "मेल्या, ठाण्यातले रस्ते सरले काय?" पोरगा हसत सुटला. तो हसला की मला राग धरवत नाही, तेवढी एक खोड आहे माझ्यात.

स्वरूप माझा एकुलता. सतराव्या वर्षी ठाण्याला कारखान्यात लागला, आता चोवीसचा आहे. मी इथे आचऱ्याला मासे विकते. सात वर्षांत तो घरी आला तो गणपतीला, तेही दीड दिवस, आणि त्या दीड दिवसात अर्धा गाव त्याला भेटायला. मला मिळतो कधी? दोन हजार सहाच्या गणपतीला तर तेवढाही आला नाही. सुट्टी नाही म्हणे.

मग जानेवारीत फोन. रविवारी आंबोलीच्या डोंगरात सायकलींची शर्यत आहे, शनिवारी पहाटे कुडाळला उतरतो, तिथून मित्रांच्या जीपने वर.

"आणि घराक?"

"आये, येळ खंय आसा?"

मग तोच म्हणाला, "माझ्या बुटाचो तळ उसावलो गो. हंय डबल ड्युटी. तू कुडाळात बूट घेवन ठेव, स्टेशनार भेटूया."

स्टेशनावर! सख्ख्या आईला! पण हो म्हटलं. नाही म्हणून करते काय?

त्याने फोनवरच सगळं पढवलं. तळ कडक हवा, पेडल मारताना वाकता कामा नये. खाली खाचा खोल, कारण उतरून सायकल ढकलावी लागते. अंगठ्यापाशी जाड, दगड लागतात. नाडी आखूड, नाहीतर चेनीत जाते. नंबर आठ.

शुक्रवारी मासे कसेबसे संपवून कुडाळ गाठलं. हरिश्चंद्राच्या दुकानात एकेक बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहायला लागले. तो वैतागला. "बाये, बूट घेतंस काय पिळतंस?"

"गप रव. वाकता तो नको माका."

शेवटी एक काळी जोडी सापडली, तळ अगदी फळीसारखा. त्याने आठ नंबर काढला. मी आत बोटं घालून पाहिलं आणि म्हटलं, "नऊ दी. वाढतो पाय आसा."

आमच्याकडे पोरांचं पायताण असंच घेतात, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडून. स्वरूपची प्रत्येक चप्पल मी तशीच घेतली होती. हरिश्चंद्राने पाय कोणाचा ते विचारलंही नाही. नाही बसले तर बदलून देतो, दहाला दुकान उघडतं, एवढंच म्हणाला.

रात्री कुडाळातच नणंदेकडे राहिले आणि सहाच्या आधी स्टेशनावर हजर. गाडीतून उतरला तो दाढीवाला बाप्या! क्षणभर ओळखलाच नाही. बाहेर मित्रांची जीप उभी होती, टपावर सायकली बांधलेल्या. बाकड्यावर बसून त्याने बूट चढवले, चार पावलं चालला. टाच आत वरखाली होत होती.

"आये, नऊ कित्याक?"

"वाढतो..." म्हटलं आणि जीभ चावली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "माझो पाय कधीच वाढूचो थांबलो गो."

खरंच की. पाय वाढला तो तिकडे, कुठल्या तरी खोलीत. कुठल्या तरी दुकानात त्याने एकट्यानेच आठ नंबर मागितला असेल. आणि मी अजून सतरा वर्षांचाच पाय धरून बसलेले. मला रडू आलं, आणि रागही आला, कोणाचा ते ठाऊक नाही.

तेवढ्यात त्याचा मित्र प्रितम आत आला. "कागद कोंब रे पुढे, चल!"

"आणि ढिल्या बुटातून पाय निसटलो तर घाटात धरतलो कोण? तू?" मी अशी काही कडाडले की तो दोन पावलं मागे सरला. स्वरूपच्या पायातला एक बूट मी काढून घेतला, सोडेचना. "धा वाजता दुकान उघडता. बदलून घे, मगे जा." शर्यत उद्या होती, आज नुसता सराव. ते मला ठाऊक होतं. डोक्यात एकच चाललेलं, चार तास मिळतील, चार तास.

स्वरूप माझ्या हाताकडे बघत राहिला. मग प्रितमला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी दुपारच्या एसटीने येतो."

नणंदेकडे मी त्याला नेलंच नाही. तिथे त्याचे वाटे पडले असते. बाकड्यावरच बसलो, चहा घेतला. विचारायचं म्हणून किती साठवलं होतं मी! जेवतोस काय, खोलीत कोण असतं, आईची आठवण येते का कधी. पहिल्याच प्रश्नाला त्याने जांभई दिली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला. दोन पाळ्या करून आलेलं पोर, लगेच झोपलं. मी बोटांनी त्याचे केस सारखे करत राहिले. सात वर्षांची ओढ, मांडीवर आला तरी कमी होईना. माझा पाय बधिर झाला, पण मी हलले नाही.

फलाटावरच्या घड्याळात दहा वाजले. सव्वादहा. साडेदहा.

डोळे न उघडताच तो पुटपुटला, "आये, किती वाजले गो?"

"आता खंय साडेआठ," मी म्हटलं. "नीज तू."